दहा हातांची ओवरी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी फ्लॉरेन्सच्या अनाथालयाची ओवरी मोजली आणि ती सगळी मापं मला टाकून द्यावी लागली.

ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती ही ती इमारत. काम १४१९ साली सुरू झालं. पैसा रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाचा, आराखडा फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा. हा माणूस मुळात सोनारकाम शिकलेला. तिकडे या भागाला लोज्जा म्हणतात, पण माझ्या मनात पहिल्या दिवसापासून आपल्या देवळाची ओवरीच होती. कमानींच्या वर निळ्या चकत्यांमध्ये दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत. ती मातीची, आंद्रेआ देल्ला रोब्बियाने नंतर केलेली. तिथे मान वर करून मी किती वेळ घालवला असेन!

मापं घेऊन गेले तेव्हा माझ्या पीएच.डी.च्या गाईडनी एकच विचारलं, "टेप कुठून कुठपर्यंत धरलात?" राखाडी दगडाचे ते खांब वर निमुळते होत जातात. तळखड्याच्या कडेपासून मोजलं, खांबाच्या अंगापासून की मध्यापासून, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेले. पहाटे चौकात माणसं येण्याआधी ओळंबा लावायचा, प्रत्येक बिंदूला नाव द्यायचं, चित्र काढायचं, एकेक अंतर तीनदा मोजायचं. मग मीटर बाजूला ठेवून सगळं ब्राच्चोत मांडलं. ब्राच्चो म्हणजे हात. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. त्यांचा मोठा, सुमारे ५८.४ सेंमी. माझे आजोबा गोठ्याची जागा हातानेच मोजायचे, त्यामुळे हे एकक मला परकं वाटलं नाही. खांबांमधलं अंतर, खांबाची उंची, ओवरीची खोली, तिन्ही दहा हातांच्या आसपास आली. म्हणजे एकेक खण हा घनच, आणि त्यावर घुमटी.

इथेच मोह होतो. मी सुवर्ण गुणोत्तरावर, म्हणजे सुंदर मानल्या जाणाऱ्या साधारण १ : १.६१८ या प्रमाणावर, अख्खं प्रकरण लिहिलं होतं. कागदावर रेघ जाड असली की कुठलंही गुणोत्तर बसतं. युक्लिडला ते ठाऊक होतंच, पण त्याचा गाजावाजा झाला तो इटालियन गणिती पाचिओलीचं त्यावरचं पुस्तक १५०९ मध्ये छापून आल्यावर. ब्रुनेलेस्की गेला १४४६ मध्ये. पाथरवटाला द्यायला दहा हा आकडा पुरेसा होता. ते प्रकरण मी काढून टाकलं. व्हायव्हात सर्वांत जास्त बोलणं त्यावरच झालं.

आता मी पुण्यात शिकवते. पहिल्या तासाला मुलांकडून टेप काढून घेते आणि प्रत्येकाच्या हातात ५८.४ सेंमीची एक काठी देते.