फळी चार बोटं कमी पडली

सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) मुलाखतीला गेलो तेव्हा माझा चेस्ट नंबर १७. शब्दांच्या चाचणीत पडद्यावर एकेक शब्द येतो, त्यावर वाक्य लिहायचं. एकूण ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. ‘धोका’ या अर्थाचा शब्द आला आणि मी खाडकन लिहिलं, शूर माणूस धोक्यात उडी घेतो. वर स्वतःवरच खूश!

मग मैदानावर कमांड टास्क, म्हणजे आपण नेता होऊन अडथळा पार करायचा. मदतीला दोन पोरं, एक फळी, एक ओंडका, एक दोर. रंगवलेल्या भागाला पाय लागता कामा नये. मी धावत जाऊन फळी टाकली, ती चार बोटं कमी पडली. उलटी करून टाकली. अर्थातच तेवढीच कमी पडली. मदतीचा पोरगा हळूच म्हणाला, ‘‘भाई, पहले नाप लेते हैं.’’ मी त्याच्यावर खेकसलो. पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर पुकारले, त्यात १७ नव्हता.

एसएसबी अधिकाऱ्यात १५ गुण शोधते. त्यात धाडस एकच. संघटन, जबाबदारी, सहकार्य, चिकाटी हे सगळं वेगळं मोजतात. ही यादी मला पाठ होती, तरी डोक्यात होती ती उडीच.

पुढे कधीतरी राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र वाचलं. कारवारकडचे, १९४० साली साधे शिपाई म्हणून लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झालेले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, ते सेकंड लेफ्टनंट होते, जम्मूकडच्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढणाऱ्या तुकडीचे प्रमुख. ८ तारखेला सकाळी ११ वाजता, काम सुरू व्हायच्या आधीच, शत्रूच्या उखळी तोफांचे गोळे पडले. दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं.

तिथून पुढे ते मानपत्र शौर्यगाथेसारखं कमी आणि हजेरीपटासारखं जास्त वाटतं. रात्री १० पर्यंत काम. ९ तारखेला सकाळी ६ ते दुपारी ३, रणगाड्यांसाठी वळणरस्ता. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी, ती सुरुंगाने उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा तेच, पुन्हा उडवली. मग शत्रूने फोडलेली रस्त्याखालची मोरी. १० तारखेला पहाटे पावणेपाचला सुरुवात. आणि हे सगळं मशिनगनच्या माऱ्यात, जखमी अंगाने.

मला अडकवतं ते ‘पुन्हा तेच’. पहिलं झाड उडवायची हिंमत कदाचित मलाही झाली असती, निदान बढाई तरी मारली असती. पण गाडीतून उतरायचं, झाड उडवायचं, चढायचं, ३०० यार्डांवर परत उतरायचं, आणि मागे थांबलेल्या अख्ख्या ताफ्याला आपली घाई कळू द्यायची नाही? मी तर एका फळीपायी आवाज चढवला होता.

११ तारखेला सकाळी ११ वाजता त्याच वाटेवरच्या चिंगस गावापर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे त्या दिवशीही रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता साफ करत होते.