पऱ्हाटी, धांडे आणि संमेलनाची पंगत

विदर्भातील खेड्यांत शाळेचे स्नेहसंमेलन बहुधा डिसेंबरच्या अखेरीस भरते, आणि त्या दिवसांत शिवारात जे उभे असते तेच आमच्या शाळेत संमेलनाच्या जेवणाच्या टेबलावर येत असे. आमचे गाव अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरुडच्या बाजूचे, म्हणजे संत्र्याचे आणि कापसाचे. विदर्भात शिक्षणाचा प्रसार करणारे आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती २७ डिसेंबरला असते, त्यामुळे आमच्याकडील पुष्कळ शाळांचे संमेलन त्याच आठवड्यात येते. संमेलनातील नाटुकल्या, लेझीम आणि बक्षीस वितरण यांच्या आठवणी सर्वांनाच असतात. माझ्या मनात मात्र घर करून आहे ती जेवणाच्या टेबलांवर मधोमध मांडलेली आरास, आणि ती करण्यासाठी संमेलनाच्या आधी वर्गात जमणाऱ्या मुलींच्या आणि गावातल्या बायांच्या संध्याकाळी.

मी शाळेत शिकत असताना जेवण जमिनीवरच्या पंगतीत होत असे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, द्रोणात वरण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, असा थाट असे. आणि पाहुण्यांच्या पानांभोवती रांगोळीची महिरप काढली जाई. पुढे वयस्क पाहुण्यांना खाली बसवत नाही म्हणून वर्गातले बाक एकाला एक जोडून, त्यांवर घराघरांतून आणलेल्या पांढऱ्या चादरी अंथरून, लांब टेबले तयार करण्याची रीत पडली. बाकांवर पाने मांडली तशी रांगोळीला जागा उरली नाही, आणि दोन्ही बाजूंच्या पानांच्या मधे चादरीचा एक लांब मोकळा पट्टा तेवढा दिसू लागला. तो पट्टा गावातल्या बायांना बघवेना. महिरपीच्या ओढीनेच ही मधली आरास जन्माला आली, असे मला आजही वाटते.

तिचा आकार मात्र कोणाला शोधावा लागला नाही. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, गाणी म्हणतात, आणि कोजागिरीच्या रात्री भुलाबाई-भुलोजीच्या (पार्वती-शंकराच्या) मूर्तींवर ज्वारीचे कणसांसकट पाच धांडे, म्हणजे ताटे, उभे करून त्यांचा मंडप करतात. चित्रकलेच्या बाईंनी तोच मंडप हातभर उंचीचा करून टेबलावर आणला. वाळलेल्या धांड्यांचे बारीक तुकडे वर एकत्र बांधायचे, बांधायला अंबाडीच्या वाखाची दोरी घ्यायची, कणसे वरच्या टोकाला झुकती ठेवायची आणि मंडपाखाली मूर्तीच्या जागी संत्री रचायची. गावातल्या प्रत्येक बाईला ही बांधणी आधीच येत होती, म्हणून बाईंना काही शिकवावे लागले नाही. आकार तेवढा लहान करायचा होता.

त्या उंचीवरून पहिल्या वर्षी बराच खल झाला. मंडप दिसायला देखणा होता, परंतु समोरासमोर बसलेली माणसे त्याच्या आड जात होती. बाईंनी एका मुलीला बाकावर बसवले, कोपर टेबलावर टेकवून मूठ वर धरायला सांगितली आणि म्हणाल्या, “पोरीहो, पाहुण्याले समोरच्याचं तोंड दिसलं पायजे. मुठीच्या वर काही जाऊ द्यायचं नाही.” ही मोजणी मी पुढे मोठ्या शहरांतील लग्नांच्या जेवणावळींतही मनातल्या मनात करून पाहिली आहे, आणि तिथली महागडी फुलांची रचना अनेकदा या कसोटीला उतरत नाही. जेवणाच्या टेबलावर माणसांनी एकमेकांशी बोलायचे असते. आराशीने त्यांच्यामध्ये भिंत उभी केली तर तिचे सौंदर्य वाया गेले असे मी समजते.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, फांद्या आणायचे काम मुलांचे असे. फुटलेल्या बोंडांची फांदी सकाळी दवात तोडली तर कापूस ओला होऊन बोंडाला चिकटतो आणि मळकट दिसतो, म्हणून दुपारी ऊन चांगले चढल्यावर फांद्या तोडायच्या आणि त्या उभ्याच धरून आणायच्या, हा नियम होता. अळीने डागाळलेली बोंडे बाजूला काढली जात. बोंडाच्या वाळलेल्या सालीची टोके अणकुचीदार असतात, ती चादरीत अडकू नयेत म्हणून फांद्या काठाशी न ठेवता मधोमध ठेवत. या फांद्यांत तुरीच्या हिरव्या शेंगांची एखादी डहाळी आणि अंबाडीची लाल बोंडे मिसळली की पांढरा, हिरवा आणि गडद लाल असे तीन रंग आपोआप जुळत. अंबाडीचा तो लाल रंग कोणत्याही कागदी फुलाला आजवर साधलेला मी पाहिला नाही.

फांद्या उभ्या राहण्यासाठी खाली काय भरायचे, हा या कामातला खरा कौशल्याचा भाग होता. आरंभी गडव्यात, म्हणजे तांब्यात, भिजवलेली काळी माती भरली जाई, कारण ती दारातच होती. परंतु आमची काळी माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात, त्यामुळे रात्री नीट उभी केलेली फांदी सकाळी कललेली सापडे. मग नदीची ओली वाळू वापरात आली, आणि ताज्या फुलांसाठी केळीच्या खुंटाचे तुकडे. खुंट आतून ओला असल्यामुळे शेवंतीचे देठ त्यात खोचले की जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत ती टवटवीत राहते, आणि भांड्यातून पाणी सांडून चादर भिजण्याची धास्ती उरत नाही. शहरातून येणारा फुले खोचण्याचा हिरवा स्पंज प्लास्टिकचाच असतो. खुंटाचा तुकडा मात्र दुसऱ्या दिवशी गाईपुढे टाकता येतो.

फुलांच्या बाबतीत बाईंचे मत ठाम होते. निशिगंध हा व्यासपीठावरच्या फुलदाणीत शोभतो, परंतु त्याचा दरवळ भाजीच्या वासात मिसळता कामा नये, म्हणून जेवणाच्या टेबलावर त्याला मज्जाव होता. झेंडू आणि शेवंती चालत. कापूस आणि दिवा एका टेबलावर कधीही ठेवायचे नाहीत, हा तर त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलेला नियम होता. ज्या टेबलावर दिवे, तिथे कापूस नाही. तिथे संत्र्याच्या सालीच्या वाट्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे मधोमध गोल चीर देऊन हलक्या हाताने फिरवली की तिची अखंड वाटी निघते. तीत थोडे तेल आणि एक फुलवात ठेवली की दिवा तयार होतो, आणि साल तापू लागली की तिचा मंद गंध येतो, जो जेवणाला मारक होत नाही. संत्र्याला वर्षात आंबिया आणि मृग असे दोन बहार येतात. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री संपत आलेली असतात आणि मृगाची अजून झाडावर पिकायची असतात. तरीही कोणा ना कोणा बागाइतदाराच्या घरून एक टोपली येतच असे.

पाहुणे मात्र हमखास थांबत ते धांड्यांच्या बैलगाडीपाशी. ज्वारीच्या धांड्याची वरची चिवट साल सोलून तिच्या सळ्या करायच्या, आतला मऊ गाभा कापून त्याची चाके, जू आणि साटी करायची, आणि सळ्या गाभ्यात टोचून सगळे भाग जोडायचे. यात ना गोंद लागतो ना खिळा. आमच्या पिढीतील प्रत्येक मुलाने ती लहानपणी केलेली होती. टेबलावरच्या गाडीत खरा कापूस भरलेला असे. एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून आलेले वृद्ध गृहस्थ जेवण थंड होईपर्यंत त्या गाडीचे चाक बोटाने फिरवत आपल्या लहानपणाविषयी बोलत राहिले होते. १९५९च्या डिसेंबरात पंजाबरावांच्या पुढाकाराने दिल्लीला भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाची आठवणही त्यांनीच त्या टेबलावर सांगितली. त्यांच्या भाषणापेक्षा ती सांगणी आम्हांला अधिक लक्षात राहिली.

महिला मंडळाचे हळदीकुंकू संक्रांतीनंतर होई, आणि तिथल्या आराशीचे सामान वेगळे असे. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या कोवळ्या ओंब्या आणि करडईची केशरी फुले. जवसाच्या निळ्या फुलांचा मोह सर्वांनाच पडे, परंतु ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळतात, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्यांचा उपयोग नाही. तिळगुळाच्या तबकाशेजारी पाण्याने भरलेल्या परातीत चाळलेल्या कोळशाच्या पुडीवर रांगोळी काढली जाई. दारातून वाऱ्याचा झोत येणार नाही एवढी काळजी घेतली की ती रात्रीपर्यंत टिके. दहावीच्या निरोपाच्या कार्यक्रमात, फेब्रुवारीच्या शेवटी, टेबलावर पळसाची फुले असत. त्यांना वास नसतो आणि ती फार टिकत नाहीत, तरीही त्या रंगापुढे दुसरे काही ठेवण्याची गरज पडत नसे.

मधल्या काही वर्षांत हे सर्व मागे पडले. तालुक्याच्या बाजारात थर्माकोलची तयार कमळे आणि प्लास्टिकची फुले स्वस्तात मिळू लागली, आणि शाळेतही तीच आली. ती दरवर्षी धुऊन पुन्हा वापरता येतात असे सांगितले जाई, पण त्यांवर साचलेली धूळ कधी पुरती निघाली नाही, आणि मुख्य म्हणजे ती आणल्यावर संध्याकाळी वर्गात जमण्याचे कारणच उरले नाही. मला त्याचे खरे दुःख झाले. धांडे सोलताना मोठ्या बाया मुलींना भुलाबाईची गाणी सांगत, कोणाच्या शेतात यंदा काय पिकले याची बोलणी होत, आणि एरवी एकमेकींच्या ओसरीवर न जाणाऱ्या घरांतील मुली एकाच टोपल्यातील अंबाडी निवडत बसत. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी लागू झाली आणि तीत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश होता, तेव्हा शाळेला पुन्हा शिवाराकडे वळावे लागले. जुन्या बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही काही जणी गावातच होतो.

अडचण आली ती ज्वारीची. आमच्या भागात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा फार घटला, आणि सोयाबीनच्या काडीतून ना मंडप होतो ना गाडी. पहिल्या वर्षी धांड्यांसाठी दूरच्या नात्यागोत्यांत निरोप पाठवावे लागले. आता एक माजी विद्यार्थी आपल्या पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्याकडून, म्हणजे बांधाच्या बाजूने, ज्वारीची काही तासे (ओळी) दरवर्षी पेरतो. कणसे पाखरांपासून राखणे कठीण जाते म्हणून त्याची आई त्यांना जुन्या साडीचे तुकडे बांधते. कोजागिरीला त्यातले पाच धांडे तिच्या घरच्या भुलाबाईला लागतात, आणि उरलेले, मुळाशी कापून पेंढ्या बांधलेले, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडतात.