कमिट करताना आपोआप काय जावे?

गिट या, प्रोग्रॅमच्या फायलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, कोणताही पर्याय न देता ‘गिट कमिट’ (बदल इतिहासात नोंदण्याची कमांड) असे लिहिले, तर इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडलेल्या बदलांत, आधी घेतलेले बदल तेवढे नोंदले जातात. इंडेक्स रिकामा असेल, तर काहीही न नोंदवता ती कमांड थांबते आणि ‘गिट अ‍ॅड’ (बदल इंडेक्समध्ये घेणारी कमांड) किंवा ‘-ए’ (ट्रॅक होत असलेल्या, म्हणजे ज्यांचा इतिहास आधीपासून ठेवला जातो त्या, फायलींतील सगळे बदल घेणारा पर्याय) वापरण्याचे सुचवते. मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन या अशाच साधनांमध्ये ट्रॅक होत असलेल्या फायलींतील सगळे बदल आपोआप जातात. फरक इतकाच, की सबव्हर्जन चालू फोल्डर आणि त्याखालचे पाहते, तर मर्क्युरिअल संपूर्ण रिपॉझिटरी, म्हणजे सगळा प्रकल्प.

गिटचा हा नकार नवशिक्यांना आडमुठेपणाचा वाटतो, आणि इंडेक्स रिकामा असताना ‘-ए’ गृहीत धरावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र ते पटत नाही, कारण ‘-ए’ नव्या फायलींना हात लावत नाही. समजा, आपण एक नवी फाइल लिहिली, जुन्या फायलीत ती इम्पोर्ट केली आणि ‘-ए’ देऊन कमिट केले, तर जुनी फाइल जाते आणि नवी मागे राहते. आपल्या संगणकावर सारे सुरळीत चालते, आणि पुश झाल्यानंतर (कमिट सामायिक सर्व्हरवर पाठवल्यानंतर) सहकाऱ्याकडे बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी, मोडते. नकार जागच्या जागी कळतो, अर्धवट कमिट मात्र दुसऱ्याला सापडते. जुजुत्सू या आणखी एका अशाच साधनाने उलट टोक गाठले आहे: तिथे इग्नोर न केलेली नवी फाइलही आपोआप नोंदली जाते, म्हणूनच १ एमआयबीपेक्षा (सुमारे १० लाख बाइटपेक्षा) मोठी नवी फाइल न घेण्याची मर्यादा मूळ सेटिंगमध्येच घालावी लागली. पासवर्ड ठेवलेली फाइल मात्र काही ओळींचीच असते, आणि ती या मर्यादेत अडकत नाही.

कमिटसोबत बदलाचे वर्णन करणारा संदेश रिकामा दिल्यास गिट कमिट रद्द करते, हेही योग्यच. (‘फिक्स’ एवढ्या एका शब्दावर ते समाधानी होते, ही वेगळी तक्रार.) माझ्या हाती असते, तर मी २०१६ मध्ये २.९ आवृत्तीत आलेले ‘कमिट.व्हर्बोज’ हे सेटिंग मुळातच चालू ठेवले असते, म्हणजे संदेश लिहिताना एडिटरमध्ये त्याच्या खाली कमिटमध्ये जाणारा प्रत्येक बदल दिसला असता; अर्थात ‘-एम’ देऊन कमांडमध्येच संदेश लिहिणाऱ्यांपुढे एडिटर उघडतच नाही, त्यामुळे त्यांना त्याचा उपयोग नाही. असे बदल एका रात्रीत करता येत नाहीत, कारण लोकांच्या स्क्रिप्ट जुन्या वागण्यावर विसंबलेल्या असतात. २०१४ मध्ये गिट २.० ने ‘पुश’चे मूळ वागणे बदलले, तेव्हा आधीच्या आवृत्त्यांतून त्याची सूचना वापरकर्त्यांना दिली जात होती.