दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह

लघवीच्या ड्रग-किटवर दोन रेघा उमटल्या की निकाल निगेटिव्ह असतो. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी माझं मलाच नकोसं झालं. चूक लोकांची नाही. कोविडमध्ये घराघरात किट फोडून झाली, दिवस गेल्याची तपासणीही अशाच पट्टीवर होते, आणि तिथे दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. ड्रगच्या बहुतेक पट्ट्या याच्या नेमक्या उलट चालतात. पट्टीवर तो पदार्थ आधीच बसवलेला असतो. लघवीत तो नसेल, तर रंगीत प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) पट्टीवरच्या पदार्थाला जाऊन चिकटतात आणि रेघ दिसते. लघवीत तो असेल, तर प्रतिपिंडं वाटेतच अडकतात आणि रेघ उमटतच नाही. पुसट रेघसुद्धा रेघच धरायची. पाकिटातल्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं. तो कागद आमच्या शाळेत कचऱ्याच्या टोपलीत सापडला.

मी एका खासगी शाळेत समुपदेशक आहे. बाहेरच्यांना वाटतं, मी दिवसभर मुलांचं ऐकत बसते. निम्मा दिवस खरं तर कागदांत जातो: प्रमाणपत्रं, सवलतीचे अर्ज, कुणाला लेखनिक, कुणाला तासाला वीस मिनिटं जास्त.

त्या दिवशी आठवीतल्या एका मुलीला चाचणी चालू असताना धडधडायला लागलं. सिक रूममध्ये नाडी १२०च्या पुढे, हात थरथरत होते, मळमळत होतं. नर्सताईंनी न रागावता विचारलं म्हणून तिने सांगितलं: वर्गातल्या एका मुलाने ‘अभ्यासाची गोळी’ दिली होती. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं आणि ती ठीक होऊन घरी गेली. तोपर्यंत त्या मुलाच्या कंपासपेटीतून पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या शिस्त समितीच्या टेबलावर आल्या होत्या आणि मुलाला बाटली देऊन बाथरूममध्ये पाठवून झालं होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही असते ना, ‘शाळेच्या सर्व धोरणांना संमती’. तीच संमती.

किटवर दोन रेघा आल्या. शिस्तीचे सर म्हणाले, “बघा, पॉझिटिव्ह.”

सर वाईट माणूस नाहीत. पोरं त्यांना घाबरतात त्यापेक्षा जास्त त्यांच्याकडे धावतात. पण एकदा ठरवलं की पुरावा त्यांना सजावटीपुरता लागतो. मी उलट रेघांचं सांगितलं. मग हेही सांगितलं की गोळी मिथाइलफेनिडेट आहे, ती त्याला एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं, एका जागी न बसवणं) रोज दिलेली आहे, आणि ॲम्फेटामिन या उत्तेजक ड्रगच्या पट्टीवर ती सहसा दिसतच नाही. म्हणजे ही तपासणी पॉझिटिव्ह आली असती तरी या गोळीबद्दल काही सांगत नव्हती आणि निगेटिव्ह आली तरी नाही. शिवाय गोळी त्याची होती हे तो स्वतःच सांगत होता! मग तपासलं काय? यावर प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “प्रोसिजर असते.”

या औषधाबद्दल थोडं सांगते, कारण सगळा गुंता तिथेच आहे. साधी गोळी तीन-चार तास काम करते. सकाळी सातला घेतली की मधल्या सुट्टीच्या सुमारास उतरते, म्हणून दुसरी शाळेत घ्यावी लागते. दिवसभर पुरणारी कॅप्सूलही असते. पण हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं: दुकानाला वेगळा परवाना, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. एवढा व्याप कोण करणार? बहुतेक दुकानं ते ठेवतच नाहीत. आई-बाप जे मिळेल ते घेऊन येतात.

या मुलाच्या आईने प्रवेशाच्या वेळीच शाळेला लिहिलं होतं की मधल्या सुट्टीत नर्सताईंनी गोळी द्यावी. शाळेचं उत्तर आलं: शाळा कोणतंही औषध देण्याची जबाबदारी घेत नाही, पालकांनी आपल्या स्तरावर व्यवस्था करावी. त्या व्यवस्थेचं नाव कंपासपेटी. आणि आमच्या व्यसनमुक्ती धोरणात एक कलम आहे की विद्यार्थ्याजवळ सापडलेलं कोणतंही प्रिस्क्रिप्शनचं औषध प्रतिबंधित पदार्थ मानलं जाईल. म्हणजे दुसऱ्या गोळीसाठी शाळेने मुलाला जी एकच वाट ठेवली होती, तिच्यावर शाळेनेच बंदीची पाटी लावली होती. हे धोरण वकिलाने लिहिलंय आणि समावेशक शिक्षणाचं धोरण आमच्या स्पेशल एज्युकेटरने. दोन्ही फायली एकाच कपाटात असतात. दोन्ही सलग वाचणारं मात्र त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि स्पेशल एज्युकेटरला बैठकीला बोलावलंच नव्हतं.

मी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ पुढे केला. वकीलसाहेब फोनवर होते आणि तयारीत होते. म्हणाले, यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडी नाही. बरोबर आहे, नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि या मुलाकडे डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र आहे. म्हणून त्याला जादा वेळ मिळतो, शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत. त्याच डोक्यातल्या दुसऱ्या अडचणीसाठी मात्र कागदावर काहीच नाही. वाचायला त्रास होतो हे शाळेला मान्य. बसवत नाही, त्याला शिस्त लावायची!

आईने शाळेच्या त्या नकाराच्या ई-मेलचा प्रिंटआउट आणला होता. आवाज न चढवता तिने विचारलं, “मग मॅडम, गोळी ठेवायची कुठे?” उत्तर आलं नाही. चहा आला.

इथवर मी मुलाच्या बाजूने बोलतेय असं वाटेल, आणि त्या खोलीत मी तशीच बोलत होते. पण नंतर मुलगा माझ्या खोलीत बसला तेव्हा आधी म्हणाला, “मिस, तिचं लक्ष लागत नव्हतं. माझं पण नाही लागत ना.” मला भरून आलं. थोड्या वेळाने, बुटाच्या लेसशी खेळत, त्याने उरलेलं सांगितलं: बदल्यात ती त्याच्या इतिहासाच्या प्रोजेक्टचे नकाशे काढून देणार होती. आधी एकदा दुसऱ्या एकालाही गोळी दिली होती, त्याच्याकडून काय घेतलं ते सांगायला तयार नव्हता. तेरा वर्षांचा मुलगा. गोळीला भाव आहे हे त्याला कळलेलं होतं. ‘वितरण’ हा धोरणातला शब्द फाटकाबाहेरच्या विक्रेत्यांसाठी असावा असं मी वर भांडून आले होते, आणि खाली हा हिशेब ऐकत होते.

पालकांना मी नेहमी सांगायचे की ही गोळी म्हणजे चष्मा समजा. आता नाही सांगत. मित्राचा चष्मा घालून कुणाची नाडी १२०च्या वर जात नाही. मुलीचे वडील चिडले होते आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. त्यांच्या मुलीला हृदयाचा काही त्रास असता तर? हा प्रश्न मी समितीत काढला नाही. काढला असता तर मुलगा त्याच दिवशी शाळेतून गेला असता.

जातात कसे, ते पालकांना आधी कळत नाही. काढून टाकल्याचं पत्र जवळपास कधीच निघत नाही. “तुम्हीच दाखल्यासाठी अर्ज द्या, मुलाच्या भविष्याचा विचार करा,” असं सांगतात. दाखल्यावर कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’, वर्तणूक ‘चांगली’. आईला मी पार्किंगमध्ये गाठून सांगितलं की अर्ज देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, खासगी शाळेलाही. माझ्या नोकरीच्या करारात हे बसतं का, ते मी तपासलेलं नाही.

तिने अर्ज दिला नाही. मुलगा दोन आठवडे घरी होता, वर्कशीट्स जात होत्या. मुलीला लेखी समज मिळाली, ती वर्गात त्याच्याशी बोलत नाही. गोळ्या आता सिक रूममध्ये कुलपात असतात, मोजून, वहीत सही घेऊन, म्हणजे आईने पहिल्या वर्षीच मागितलं होतं तसंच. व्यसनमुक्ती धोरणातलं ते कलम मात्र होतं तसंच आहे, आणि समितीने या मुलाची फाईल ‘पुनर्विलोकनासाठी’ जूनपर्यंत उघडी ठेवली आहे. जूनमध्ये तो नववीत जाईल आणि कलम १६ त्याच्यासाठी संपेल. वकीलसाहेबांना हे माहीत आहे. कायद्याचा तेवढा भाग त्यांनी त्या दिवशी मला आवर्जून वाचून दाखवला होता.