शाळेत राजकारण कशाला आणता?

मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांची काळजी खरी असते. शिक्षकाने आपली मतं मुलांच्या गळी उतरवू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, राजकारण शाळेत आणावं लागत नाही, ते तिथे असतंच. नियम कोण करतं, ते मोडल्यावर कुणाला शिक्षा होते आणि कुणाला सूट मिळते, प्रश्न विचारणारं मूल हुशार ठरतं की उद्धट, हे मुलं रोज बघत असतात. संसदेची रचना परीक्षा झाली की विसरतात, हे विसरत नाहीत.

वर्गप्रतिनिधीची निवडणूकच घ्या. चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या, आणि निवडून आलेला मुलगा दंगेखोर आहे म्हणून शिक्षकांनी परस्पर दुसऱ्यालाच नेमलं. त्या वेळी कुणी हूं की चूं करत नाही. पुढच्या निवडणुकीत मात्र निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या निघतात. बरं, निवडलेल्याला ठेवलं तरी काम काय, तर गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची! वर्गाचं म्हणणं वरपर्यंत नेणं हे प्रतिनिधीचं काम असतं, हे त्या मुलांना कळणार कुठून?

आयईए या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९मध्ये २८ देशांतल्या सुमारे ९० हजार चौदा वर्षांच्या मुलांची पाहणी केली होती. आपल्या वर्गात मोकळेपणाने मत मांडता येतं, असं ज्यांना वाटत होतं, त्यांची नागरिकशास्त्राची समज चांगली होती आणि मोठेपणी मतदान करू असं म्हणणारेही त्यांच्यात जास्त होते. एवढ्यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही. जाणती मुलंही वर्ग मोकळा करतात. तरी माझा अनुभव त्याच बाजूने कौल देतो.

मतं लादली जाण्याच्या भीतीवर जर्मनीतल्या शिक्षणतज्ज्ञांनी १९७६मध्ये बॉयटल्सबाख इथे विचार केला. त्यातून जी सूत्रं पुढे आली, ती मी पाळते. विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि परिस्थितीत आपलं हित कशात आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता यायला हवं. वाद टाळा, असं त्यात कुठेही नाही.

याचा अर्थ शिक्षकाने प्रत्येक गोष्टीत तटस्थ राहायचं असा मात्र नाही. एकदा गटप्रकल्पाच्या वेळी काही मुलं म्हणाली, "बाई, तो अडखळत बोलतो, आम्हाला नको. हवं तर मतदान घ्या." बहुमत त्यांचंच होतं. मी मतदान घेतलं नाही. प्रकल्पाचा विषय, कामाची वाटणी, कोण काय सादर करणार, हे सगळं मतांनी ठरवा. पण वर्गातल्या कुणालाही बाहेर काढायचा अधिकार बहुमताला नाही, असं सांगितलं. "मग लोकशाही कसली?" एकीने विचारलं. प्रश्न रास्त होता. अख्खा तास त्यावर गेला, धडा राहिला तो राहिलाच. त्या मुलाला गटात घेतलं आणि आधी काय सादर करायचं, हे त्यालाच निवडू दिलं.