सातवा आठवडा: दहा नंबर अजून उभीच

आमच्या टेनपिन बोलिंग लीगमध्ये पाच पिनांनी हरलो. तिसरा गेम, दहावी म्हणजे शेवटची फ्रेम. माझा पहिला बॉल पॉकेटमध्ये (एक आणि तीन नंबरच्या पिनांमधली फट) इतका छान बसला की मी पाठ वळवून मूठसुद्धा आवळली होती. मग टीमच्या तोंडून एक लांबलचक "अरेरेरे" आलं आणि मागे न बघताच कळलं की कोण उभी आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन. दुसरा बॉल तिच्या डाव्या अंगाला वारा घालून निघून गेला. स्पेअर बसला असता, म्हणजे दोन बॉलांत दहाही पिना पडल्या असत्या, तर जादा मिळणाऱ्या शेवटच्या बॉलला नुसत्या पाच पिना पुरल्या असत्या.

आकडे आधी उरकते: 151, 118, 163. बेरीज 432. मागच्या नोंदीत अ‍ॅव्हरेज 141 होतं, एकवीस गेम झाल्यावरही 141च आहे. हँडीकॅप, म्हणजे कमी खेळणाऱ्याला स्कोअरवर मिळणाऱ्या जादा पिना, 71वर तसाच (220मधून अ‍ॅव्हरेज वजा, उरलेल्याचे 90 टक्के, अपूर्णांक सोडून). आमच्यासमोरच्या टीममधला एक गडी 130च्या अ‍ॅव्हरेजवर 190 मारून गेला. त्याचं अ‍ॅव्हरेज मोसमाच्या सुरुवातीला नेमकं कसं बनलं, यावर मी काही बोलत नाही. तुम्ही समजून घ्या.

118बद्दल बोलायचं नाही. तीन वेळा कोपरा, एक स्प्लिट (मधे मोठी फट ठेवून उभ्या राहिलेल्या पिना), बाकी कर्म.

पण तिसऱ्या गेममध्ये टर्की! लीगमधली पहिली. तिसरी, चौथी, पाचवी फ्रेम, ओळीने तीन स्ट्राइक, म्हणजे तिन्ही वेळा पहिल्याच बॉलला दहाही पिना. स्क्रीनवर तिसऱ्या फ्रेमसमोर 30ची भर पडलेली बघायला काय वाटतं, ते ज्यांची सरासरी 200 आहे त्यांना आठवतही नसेल. चौथ्या स्ट्राइकसाठी अ‍ॅप्रोचवर (बॉल टाकण्याआधी चालत यायची जागा) उभी राहिले तेव्हा हात लटपटत होता. सात, मग दोन, ओपन, म्हणजे ना स्ट्राइक ना स्पेअर. चालतं. टर्की कागदावर आहे, ती कुणी काढून घेणार नाही.

आता मूळ दुखणं. वहीतली मोजदाद अशी: सात आठवड्यांत एकटी दहा नंबर 31 वेळा उभी राहिली, त्यातल्या 9 वेळा पाडली. बावीस चुका. प्रत्येक चुकीमागे एक पिन तर जातेच, शिवाय स्पेअरवर मिळणारा पुढच्या बॉलचा बोनस जातो, म्हणजे माझ्या हिशेबाने सरासरी नऊ पिना. बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव, भागिले एकवीस गेम. गेममागे नऊहून जास्त पिना मी एका कोपऱ्यात ओतून येते. ती एक पिन सोडली तर मी 150ची बोलर आहे. इथेच घोडं पेंड खातंय.

आत्तापर्यंत काय काय केलं ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आधी स्ट्राइकच्याच बॉलने प्रयत्न केला. लेन तिरपी कापून जायची म्हटलं की लेनच्या मधल्या भागाला लावलेल्या तेलावर तो सरळ धावतो आणि उजवीकडच्या कोरड्या भागात पोचला की हूक घेऊन पिनपासून लांब वळतो. तो हूक धरून आणखी उजवीकडे टाकला की लेनच्या कडेच्या गटरमध्ये. म्हणून प्लास्टिकचा बॉल घ्यायचं ठरलं. त्यातही आधी एक जुना वापरलेला स्वस्तात मिळत होता, पण त्याला बॅलन्स होल (बोटांसाठी नाही, वजनाचा तोल साधायला पाडलेलं जादा भोक) होतं. 1 ऑगस्ट 2020पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची संघटना) नियमात ते चालत नाही, आणि आमची लीग त्याच नियमांवर आहे. सेक्रेटरीने विकत घेण्याआधी सांगितलं हे नशीब. मग नवा घेतला, 14 पौंडी. तो खरंच हूक घेत नाही, जिथे ढकलाल तिथे जातो. दोष बॉलचा नाही हे त्यामुळेच पक्कं झालं, कारण तोही डावीकडूनच जायला लागला.

तीन आठवडे मी तेलाला शिव्या दिल्या. नाचता येईना, लेन वाकडी. शेवटी परवा आमच्या लीडऑफने (टीममध्ये पहिला खेळणारा), तो डावखुरा आहे आणि डाव्या कोपऱ्यातल्या सात नंबरने त्याचंही असंच रक्त आटवलंय, मागे उभं राहून फोनवर शूट केलं आणि म्हणाला, "अगं, बॉल काय बघतेस, पाय बघ ना तुझा."

पाय बघितला. डावा पाय, म्हणजे सरकून थांबणारा. सुरुवात 32व्या बोर्डवर (बोर्ड म्हणजे जमिनीच्या लांब पट्ट्या, उजवीकडून मोजायच्या). थांबला तेव्हा 30व्या बोर्डवर.

दोन बोर्ड म्हणजे जेमतेम दोन इंच, तेवढ्याने काय होतं, असं मलाही वाटलं. मग कागद घेऊन बसले. लेनला 39 बोर्ड, नेमासाठी लेनवर काढलेले बाण दर पाचव्या बोर्डवर, मधला चौथा बाण 20वर. पाय 32वर थांबला तर माझा बॉल साधारण 25वर टेकतो. तिथून 20वरच्या बाणावरून गेला, तर बाणापर्यंतच्या 15 फुटांत तो पाच बोर्ड कापतो. दहा नंबर फाउल लाइनपासून (जिथे लेन सुरू होते) साडेबासष्ट फुटांवर आहे, म्हणजे त्या अंतराच्या चौपटीहून थोडं जास्त. त्या हिशेबाने बॉल पिनजवळ चौथ्या बोर्डवर पोचतो. दहा नंबर तिसऱ्यावर उभी. झक्कास. आता पाय 30वर थांबवा. बॉल 23वर टेकतो, बाण तोच, पण आता बाणापर्यंत तीनच बोर्ड कापले जातात. पिनजवळ तो पोचतो साडेदहाव्या बोर्डवर. पायाची दोन बोर्डांची चूक पिनपाशी सव्वासहा बोर्डांची होते.

बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनचं पोट पावणेपाच. डावीकडून साधारण नवव्या बोर्डपर्यंत बॉल आला तर पिनला निदान खरचटतं. साडेदहावर आला तर नुसता वारा. आठवडाभर जो वारा मी खात होते तो हाच. बाणावर नजर अगदी बरोबर होती, म्हणूनच तर कळत नव्हतं! बाणावरून बॉल जाताना दिसायचा, मी मनात "गेली" म्हणायचे आणि ती उभी.

तेव्हा उपाय ठरला: बोर्डला समांतर, सरळ रेषेत चालायचं. एवढं लिहून ही नोंद संपवणार होते.

पण लिहिता लिहिता सुचलं की पाय सरकतोच तर सरकू दे की. 34वरून निघायचं, 32वर पोचायचं. सवय मोडण्यापेक्षा तिला धरून चालणं सोपं. लगेच फोनवरच्या पाचही क्लिप पुन्हा बघितल्या. पाय सरकला तो असा: एक, दोन, दोन, तीन, शून्य. शून्यवाली पडली होती, आणि काठाला घासून का होईना, एकवालीही. म्हणजे सवय धड एकसारखी नाही. 34वरून निघून शून्य सरकले तर थेट गटर.

अँकरला, म्हणजे टीममध्ये शेवटी खेळणाऱ्याला, दाखवलं. त्याचं म्हणणं निराळंच. तो म्हणतो तुझे खांदे एक नंबरकडे, पाय सरळ, नजर दहा नंबरवर, तिघांची तीन तोंडं तीन दिशांना, मग पाय गोंधळणारच. कोपऱ्यासाठी अख्खं अंग पिनकडे वळवून उभं राहा आणि तसंच तिरपं चाल. म्हणजे सरकणं हा अपघात उरत नाही, मुद्दाम केलेली गोष्ट होते आणि दर वेळी तेवढीच होते. मला हे पटलं, थोडा राग येऊन पटलं, कारण हेच त्याने दुसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं आणि मी बॉल विकत घेतला.

अंगठ्याचंही एक प्रकरण आहे. नव्या बॉलला अंगठ्याचं भोक घट्ट ठेवलंय आणि ड्रिल करणाऱ्याने स्वतःहून कन्व्हेन्शनल ग्रिप दिली (बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत), माझा स्ट्राइकचा बॉल फिंगरटिप (पहिल्या पेरापर्यंतच). दोन बॉल, दोन पकडी, हाताला दर वेळी नव्याने शिकावं लागतं. मी विचारायला हवं होतं, पण त्यानेही विचारायला हवं होतं. कुणी पहिला स्पेअर बॉल घेत असेल तर स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) आणि अंगठा दोन्ही बॉलना सारखेच करून घ्या, तिथे कंजुषी नको. भोक थोडं सैल करून आत टेप लावणं सगळ्यात बरं, कारण संध्याकाळभरात अंगठा सुजतो आणि उतरतो, टेप काढता-घालता येते. मनगटाच्या पट्ट्याला मात्र माझा अजूनही नकारच. पट्टा काढला की पहिल्या दिवसावर परत.

काल सरावाला गेले. एकटी दहा नंबर मशीन उभी करून देत नाही, तेव्हा दहाही पिना उभ्या असताना फक्त तीच उडवायची, सहा नंबरला धक्का न लावता. हे एकट्या पिनपेक्षा कठीण आहे, कारण डावीकडची सूट संपते. सरळ चालून दहा बॉल: चार. अंग वळवून, 34वरून तिरपं चालून दहा बॉल: सात. चुकलेले तिन्ही गटरमध्ये, उजवीकडे. सात आठवड्यांत दहा नंबर सरळ बॉलने उजवीकडून चुकण्याची ही पहिलीच वेळ, आणि गटरचा तो खडखडाट ऐकून मला हसू आलं.

मग आता 33 करून बघावं का? की 34 ठेवून बाण अर्धा बोर्ड डावीकडे धरावा? बाणापाशी अर्धा बोर्ड हलला की पिनपाशी दोन हलतात, म्हणजे तेवढंच पुरेल असं वाटतंय, पण अर्धा बोर्ड बघून नेम धरण्याइतके माझे डोळे चांगले आहेत का हा प्रश्नच आहे. आधी 33.

बॉल अंगठ्याच्या दुरुस्तीला दिलाय. लीगच्या आधी हातात आला नाही तर हाउस बॉल (तिथला सगळ्यांसाठी ठेवलेला) घेऊन कोपरा मारणार आहे, भोकं सैल असली तरी. पुढच्या आठवड्यात समोर पहिल्या नंबरची टीम आहे.