तबल्याच्या ऑनलाइन क्लाससाठी दोन कॅमेरे: माझा अनुभव

तबला एका कॅमेऱ्यावर शिकवता येत नाही. बैठक, खांदा आणि मनगट दिसायला कॅमेरा लांब हवा. पण ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला कशी टेकते आणि तर्जनी चाटेवर (बाहेरच्या कडेच्या पट्टीवर) नेमकी कुठे पडते, ते जवळूनच दिसतं. परदेशातल्या मुलांना दोन्ही एकाच वेळी दिसावं म्हणून सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत दोन वेबकॅम लावले. जोडणी ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये केली. ते फुकट मिळतं. बोटं मोठी, बैठक कोपऱ्यात, मग ‘स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा’ दाबून झूममध्ये तोच कॅमेरा निवडायचा. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते पुढे. एक कॅमेरा सुरू झाला की दुसरा काळा! तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला, “मॅडम, कॅमेरा ओके आहे, लॅपटॉप दाखवा.” लॅपटॉपवाले म्हणाले, “कॅमेरा बदलून घ्या.” या टोलवाटोलवीत माझे क्लास बुडाले, पालकांचे मेसेज सुरू झाले. एकेकटे दोन्ही कॅमेरे उत्तम चालत होते, हे मी दोन्हीकडे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण वायर कुठे खोचली आहे, एवढं एकानेही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

दोन्ही वायरी एकाच हबमध्ये, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीत होत्या. यूएसबी 2.0 ची वाट सेकंदाला 480 मेगाबिटची, आणि ती हबवरच्या सगळ्यांत वाटली जाते. 720 रिझोल्यूशनचं कच्चं, न दाबलेलं चित्र सेकंदाला 30 फ्रेम्सनी पाठवायचं तर एकालाच 440 मेगाबिटच्या वर लागतात. दुसऱ्याला जागा उरणार कुठून? हब काढला, एक कॅमेरा डाव्या पोर्टला, दुसरा उजव्या. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन ‘कस्टम’ आणि व्हिडिओ फॉरमॅट ‘एमजेपेग’ केला, म्हणजे चित्र दाबून येतं. कोपऱ्यातलं चित्र 480 रिझोल्यूशनवर आणलं, तिथे तेवढं पुरतं. दोन्ही लागले! नवा कॅमेरा घ्यावा लागला नाही, याचा आनंद वेगळाच.

हो, झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आधी चालू करा, नाहीतर डग्ग्याची घुमक गोंगाट समजून गाळली जाते. ट्यूबखाली चित्रावर पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याची अँटी-फ्लिकर सेटिंग 50 हर्ट्झवर ठेवा, आपली वीज 50 ची आहे. आणि तबल्यावर वरून कॅमेरा टांगणार असाल तर साधी यूएसबी वायर 5 मीटरच्या आतच ठेवा.